पाण्यातली बिऱ्हाडं

२०२३च्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात बॅटरी घेतलेली एक तरुण मुलगी उभी. ‘महापालिकेकडून आलेय, डेंग्यूची तपासणी आहे,’ म्हणाली. त्या शब्दासरशी माझ्या पोटात गोळा आला. माझी सहा वर्षांची नात आदल्या दिवसापासून त्याच आजारानं रुग्णालयात होती. सून तिच्या उशाशी बसून होती, मुलगा औषधं आणि रक्ताच्या तपासण्या यांमागे धावत होता. घरात मी एकटी.

मुलीनं चपला बाहेर काढल्या आणि सवयीच्या नजरेनं घर बघायला लागली. फ्रिजमागचा ट्रे ओढून पाहिला. कोरडा. न्हाणीघरातलं पिंप पाहिलं. झाकलेलं. गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. मी मनातल्या मनात निःश्वास टाकत होते. मग ती दिवाणखान्याच्या खिडकीशी आली, आणि थबकली. ‘या सगळ्या तुमच्या?’

खिडकीच्या कट्ट्यावर, पुस्तकांच्या कपाटावर, दूरदर्शन संचाच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला माझ्या बाटल्या होत्या. जामच्या, लोणच्याच्या, सरबताच्या. काचेचे दोन वाडगे. एक फुटक्या कानाची चिनी मातीची बरणी. सगळ्यांत पाणी, तळाशी गोटे आणि वर हिरवीगार पानं. मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. तिनं मोजल्या. एकतीस. प्रत्येकीवर बॅटरीचा झोत टाकत ती पुढे सरकत होती. सातव्या बाटलीशी तिनं काचेवर टिचकी मारली आणि मला म्हणाली, ‘आजी, इकडे या.’

झोतात मला दिसलं. केसाएवढ्या, राखाडी, आकड्यासारख्या वाकणाऱ्या दहा-बारा अळ्या. टिचकीसरशी झरझर तळाशी जायच्या आणि पुन्हा वर यायच्या. पुढे आणखी दोन बाटल्यांत तेच निघालं. तिनं मला काही बोल लावला नाही. पाणी न्हाणीघरात ओतून टाकलं, आतून बाटल्या घासून घ्यायला सांगितलं, वहीत नोंद केली आणि ती वरच्या मजल्यावर गेली. मी खुर्चीत बसून राहिले.

संध्याकाळी रुग्णालयात सुनेला सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. पस्तीस वर्षं बँकेत काढली आहेत; रोकड जुळली नाही तर ती जुळली नाही असंच लिहायचं असतं. सून थोडा वेळ गप्प होती. मग शांतपणे म्हणाली, ‘आई, बाटल्या ठेवायच्या की नाही ते तुम्हीच ठरवा.’ ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता हेही सांगायला हवं, की माझ्याच बाटलीतला डास माझ्या नातीला चावला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. एडिस जातीचा हा डास दिवसा चावतो, फार लांब उडत नाही, पण शाळा आहे, बाग आहे, शेजारचं अर्धवट बांधकाम आहे. शिवाय त्याची मादी आधी एखाद्या रुग्णाला चावावी लागते, मग आठवडाभराहून अधिक काळ तो विषाणू तिच्या अंगात वाढावा लागतो, तेव्हा कुठे ती दुसऱ्याला आजार देऊ शकते. हा सगळा हिशेब मी त्या रात्री मांडून बसले होते. तो मांडून झोप मात्र आली नाही.

नात पाचव्या दिवशी घरी आली. प्लेटलेट्स खाली जाऊन पुन्हा चढल्या होत्या. ती बरी झाली, म्हणूनच आज हे लिहायचा धीर होतो आहे.

बाटल्यांची ही हौस मला लागली १९८८ साली. अधिकारी म्हणून बढती मिळाली आणि बढतीबरोबर येते तशी बदलीही आली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत. मुलगा तीन वर्षांचा. तो सासूबाईंकडे पुण्यात, आणि मी माडीवरच्या भाड्याच्या एका खोलीत. पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहानंतर करण्यासारखं काही नसे. शाखेतल्या शिपाईमामांनी एक दिवस माझ्या टेबलावर रमची चपटी बाटली आणून ठेवली. मी दचकून पाहिलं, तर तिच्यात पाणी, चार गोटे आणि मनीप्लँटचा वीतभर फाटा. म्हणाले, ‘म्याडम, खोलीवर न्या. आपल्याला हाक मारणारं काही तरी असावं घरात.’ व्यवस्थापकसाहेबांनी आधी बाटलीवरचं लेबल खरवडून काढायला लावलं, मगच ती बाटली काउंटरपलीकडे जाऊ दिली.

पुढे सात बदल्या झाल्या. बदलीच्या माणसाला मातीतली बाग परवडत नाही. कुंडी ट्रकमध्ये फुटते, नाही तर रोप वाटेत मरतं. बाटलीतलं झाड मात्र पाणी ओतून, मुळांना ओला फडका गुंडाळून पिशवीत टाकलं की एसटीच्या मागच्या बाकावरसुद्धा सुखानं येतं. नव्या गावी पोचलं की प्यायच्या पाण्याआधी त्याचं पाणी. त्या एका फाट्यापासून मी किती जणींना फाटे दिले, गणती नाही. मनीप्लँट चोरून आणला तरच लाभतो असं लोक मानतात. बँकेतल्या बाईकडे असली चोरी करायला लोकांना विशेष आनंद होत असे. मी बघून न बघितल्यासारखं करायची.

खूप पुढे, निवृत्तीनंतर, या झाडाविषयी वाचलं आणि चकित झाले. मनीप्लँट मूळचा प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया नावाच्या लहानशा बेटावरचा. १८८० साली युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला पहिलं शास्त्रीय नाव दिलं. पुढे त्याची प्रजाती कोणती यावर बराच घोळ झाला, कारण प्रजाती ठरवायला फूल लागतं आणि हे झाड आपणहून जवळजवळ फुलतच नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याचं कारण सापडलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतला त्याचा एक जनुक कामच करत नाही. फूल नाही, म्हणजे बी नाही. जगभरातल्या घराघरांतला मनीप्लँट कुणी तरी कुणाला तरी दिलेल्या, किंवा कुणी तरी कुणाकडून पळवलेल्या फाट्याचाच पुढचा फाटा आहे. कोकणातल्या शिपाईमामांच्या हातचा तो फाटा तसाच आला होता. मामा आता नाहीत. फाटा आहे.

म्हणून ‘ठरवा’ म्हटल्यावर ठरवणं सोपं नव्हतं.

नात घरी आल्यानंतरच्या रविवारी मी एकतीसही बाटल्या न्हाणीघरात नेल्या आणि पाटावर बसून एकेक रिकामी केली. थकीत कर्जांची यादी समोर घेऊन बसावं तशी. आणि तेव्हा ध्यानात आलं, की पस्तीस वर्षं मी झाडं पाण्यात ठेवत होते, पण निवडत मात्र नव्हते. जे मिळालं ते बाटलीत खोचलं. काही तगलं, काही कुजलं. जी बाटली अंधाऱ्या कोपऱ्यात होती, जिच्याकडे माझं आठ-आठ दिवस लक्ष जात नव्हतं, जिच्यातलं झाड धड जगतही नव्हतं आणि मरतही नव्हतं, नेमक्या तिथेच अळ्या निघाल्या होत्या. ही झाडं जोपासलेली नव्हती, नुसती साठवलेली होती.

मग आधी मूळ म्हणजे काय ते समजून घेतलं. आपल्याला वाटतं मुळाला पाणी लागतं. लागतंच, पण त्याला हवाही लागते. भुसभुशीत मातीच्या कणांमधून ती मिळते. पाण्यात मात्र मोठी टंचाई. तीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तेवढ्याच हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त असतो. पाणी तापलं की हे प्रमाण आणखी घटतं. म्हणून मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीतल्या बाटल्या नासतात आणि थंडीत त्याच टवटवीत असतात. मातीतून उपटलेलं झाड पाण्यात घातलं की त्याची जुनी मुळं बहुधा काळी पडून गळतात. जे झाड त्याच वेळी पांढरीशुभ्र, मऊ, पाण्याच्या सवयीची नवी मुळं काढू शकतं तेच जगतं. या नव्या मुळांच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. कमळाचा देठ कापल्यावर भोकं दिसतात ना, तसाच प्रकार. तेव्हा पाण्यासाठी झाड निवडताना त्याचं पान बघायचं नाही, पेर बघायचं. पेरापाशी मुळाचा बारीक कोंब आधीच डोकावत असेल तर ते झाड पाण्यात राहायला राजी आहे.

मनीप्लँट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळवाची भावंडं. जंगलात झाडांवर चढतात आणि हवेतच मुळं सोडतात. त्यांना पाण्यात घालायला शिकवावं लागत नाही. नवशिक्यानं यांपासूनच सुरुवात करावी. पेराखाली बोटभर अंतरावर धारदार सुरीनं तिरकी छाट घ्यायची, एक पेर तरी पाण्यात बुडेल असं बघायचं आणि पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढून टाकायचं. बुडालेलं पान कुजतं आणि सगळं पाणी नासवतं. याच कुळातलं अ‍ॅग्लोनेमा मला सर्वांत आवडतं. दाट सावलीत वाढणारं झाड ते. ट्यूबलाइटच्या उजेडात, बँकेच्या शाखेतसुद्धा ते वर्षानुवर्षं तग धरतं. वाढ मंद, मागणी थोडी. माझ्या काही सहकाऱ्यांची मला आठवण होते.

बाजारात सर्वांत जास्त खपतो तो लकी बांबू. तो बांबू नाही. मध्य आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडचा ड्रेसिना आहे, आणि त्याच्या शास्त्रीय नावातला सँडर म्हणजे इंग्लंडमधला ऑर्किडचा एक मोठा व्यापारी. फेंगशुईची लाट आली आणि या काठ्या आपल्याकडे दिवाळीच्या भेटीत, दुकानांच्या गल्ल्यावर, डॉक्टरांच्या टेबलावर येऊन बसल्या. तीन काठ्या सुखाच्या, पाच आणखी कशाच्या. असो. झाड म्हणून ते चिवट आहे. दोन-तीन इंच पाण्यात वर्षानुवर्षं राहतं. एखादी काठी पिवळी पडू लागली तर मात्र दयामाया न दाखवता काढावी, नाही तर ती शेजारणींनाही नासवते. पण याच लकी बांबूची एक गोष्ट मला त्या आठवड्यात कळली. २००१ साली चीनमधून जहाजानं कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूच्या मालाबरोबर वाघडास तिथे पोचले होते. वाटेत झाडं सुकू नयेत म्हणून ती थोड्या पाण्यात उभी करून पाठवली होती, त्या पाण्यातून. पुढे हॉलंडमधल्या काचघरांतही तेच झालं. वाघडास म्हणजे आपल्या एडिसचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे जी चूक मी बाटलीत केली ती मोठ्या व्यापाऱ्यांनी कंटेनरमध्ये केली होती. त्यानं माझं समाधान झालं नाही, पण धडा पक्का झाला.

पाणथळीचं खरं झाड घरात हवं असेल तर छत्रीगवत आणावं. आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं. उंच, काटकुळे देठ आणि वर छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली पानं. याची लागवड बघून माझी नात अजून हसते: छत्रीचा शेंडा देठासकट कापायचा, पानं निम्मी छाटायची आणि छत्री उलटी करून पाण्यात ठेवायची. दोन-चार आठवड्यांत तिच्या मधोमध मुळं आणि नवे कोंब. त्याला ऊन मात्र लागतं.

आणि रोपवाटिकेत जायच्या आधी भाजीची टोपली बघावी. कोंब आलेलं रताळं गोट्यांवर आडवं टेकवा, खालचा भाग पाण्याला जेमतेम लागेल असं. महिन्याभरात हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल खिडकीभर पसरते. अळकुडीही तशीच. मोठ्या वाडग्यात काळ्या गोट्यांवर एकच अळकुडी लावली, तर मखमली पानांचं असं देखणं झाड होतं की लोक त्याचं नाव विचारतात. मी ‘अळू’ म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

स्पायडर प्लँटची बाळं पाण्यात झटकन रुजतात. फक्त नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे, किंवा बोअरच्या क्षारांमुळे आणि फ्लोराइडमुळे त्यांची पात्यांची टोकं करपतात. कोलियस झपाट्यानं मुळं फोडतो, रंगही छान, पण चार-सहा महिन्यांत थकतो. त्याची नवी छाट सतत घेत राहावी लागते. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लँटचं पान कापून पाण्यात ठेवलं तर दोन-तीन महिन्यांनी रुजतं, पण गंमत अशी की नव्या रोपाचा पिवळा काठ गायब असतो. आईचं लुगडं लेकीला मिळत नाही. कोरफड, निवडुंग आणि जाड पानांची ती सगळी मंडळी पाण्यात घालू नयेत. दुष्काळाच्या सवयीच्या माणसाला नदीत उभं करण्यासारखं आहे ते. तुळशीची फांदी पाण्यात मुळं धरते, पण धरली की मातीत लावावी. वृंदावन सोडून बाटलीत तिला करमत नाही.

पीस लिली पाण्यात उत्तम राहते, फुलतेही. पण तिच्या मुळांखाली त्याच बरणीत फायटर मासा सोडायची जी फॅशन मध्यंतरी आली होती, ती मला पाहवत नाही. तो मासा मुळं खाऊन जगत नाही, तो मांसाहारी आहे. आणि त्याला श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर यावं लागतं, तोच आपण झाड बसवून बंद करतो. भेट म्हणून आलेली अशी बरणी मी दुसऱ्या दिवशी मोडली. मासा एका ओळखीच्या मुलाच्या टाकीत गेला.

हवा शुद्ध करण्यासाठी झाडं घेऊ नका. १९८९ साली ‘नासा’नं बंद पेटीत केलेल्या प्रयोगाचा हवाला अजून दिला जातो, पण घराची खोली ही बंद पेटी नसते. २०१९मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला. उघड्या खिडकीएवढं काम करायला खोलीच्या दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो झाडं लागतील असा तो हिशेब आहे. खिडकी उघडावी हे उत्तम.

आता गोटे. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की गोटे शोभेचे. ते शोभेचे नाहीत. गोट्यांचं काम झाडाला धरून ठेवायचं, म्हणजे मुळांचा वरचा तिसरा हिस्सा पाण्याबाहेर, दमट हवेत राहतो आणि खालची टोकं पाण्यात. वरून श्वास, खालून पाणी. पाण्याची पातळी गोट्यांच्या वरच्या थराच्या चांगली इंचभर खाली हवी. मी ती नेहमी गोट्यांच्या वर, काठोकाठ भरत होते, कारण काचेत पाणी सुंदर दिसतं. मुळं गुदमरत होती आणि डासांच्या मादीला हवा तसा उघडा, स्वच्छ, निवांत पाण्याचा पृष्ठभाग मिळत होता. जे मुळाच्या भल्याचं, तेच घराच्या भल्याचं होतं; मी दोन्ही चुकवलं होतं. मोठ्या गोट्यांच्या फटींतूनही डास खाली जाऊ शकतो, म्हणून आता वाडग्यांत सर्वांत वर धुतलेल्या जाड वाळूचा दोन बोटं थर देते. पाणी दिसत नाही. त्याची आता सवय झाली.

गोटे कुठले? आपला काळा बसाल्ट सर्वांत भरवशाचा. सह्याद्रीच्या कुठल्याही नदीपात्रातला घासून गुळगुळीत झालेला गोटा पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे पांढरे तुकडे मोहक दिसतात, पण तो चुनखडीचाच भाऊ. पाण्यात हळूहळू चुना सोडतो आणि पानं पिवळी पडतात. ओळखायची खूण सोपी: गोट्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले तर तो गोटा नको. समुद्रकिनाऱ्यावरून मुलांनी गोळा केलेल्या गोट्यांत शिंपल्यांचे तुकडे आणि मीठ असतं. शिंपले वेचून टाकावेत आणि बाकीचे पाणी बदलत आठवडाभर भिजवावेत. रंगवलेले निळे-गुलाबी खडे घेऊच नका. कोणतेही गोटे वापरायच्या आधी उकळून घेतलेले बरे.

नुसत्या पाण्यावर झाड किती दिवस जगणार, हा प्रश्न फार जुना आहे. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या गृहस्थानं पाच पौंडांचं विलोचं रोप कुंडीत लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जवळजवळ तेवढीच राहिली. झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवून टाकलं. १६९९ साली लंडनमध्ये जॉन वुडवर्डनं पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला: पावसाच्या, थेम्स नदीच्या, आणि बागेतली माती कालवलेल्या गढूळ पाण्यात. सर्वांत जोमदार वाढला तो गढूळ पाण्यातला. झाडाला पाण्यातलं काही तरी लागतं, नुसतं पाणी पुरत नाही, हे तेव्हा दिसलं. त्याच वाटेनं पुढे विनामातीची शेती आली. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालमधल्या कालिंपाँगला खडी-वाळूत ती सुरू केली. आपल्या बाटलीपुरतं एवढंच पुरे: पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत मिळतं, त्याचा अर्धा ग्रॅम, म्हणजे लहानशी चिमूट, लिटरभर पाण्यात. महिन्यातून एकदा. जास्त घातलं तर झाडाआधी शेवाळ खातं. शेवाळ उन्हात आणि पांढऱ्या काचेत वाढतं. तपकिरी बाटली घ्या, नाही तर बाटलीला जाड कागद गुंडाळा. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरावं. पावसाचं मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही.

आणि डासांचं. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. मी दर चार दिवसांनी पाणी बदलते. पण नुसतं ओतून पुन्हा भरलं तर उपयोग नाही. ही मादी अंडी पाण्याच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेवर चिकटवते आणि ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पाणी पुन्हा चढलं की फुटतात. तेव्हा बाटली आतून ब्रशनं घासायला हवी. त्या मुलीनं मला नेमकं हेच सांगितलं होतं. अरुंद तोंडाच्या बाटल्यांना मी जुन्या नायलॉनच्या साडीची जाळी देठाभोवती बांधते, वर रबर. दिसायला गचाळ दिसतं. दिसू दे. आणि एवढं करायला ज्याला जमणार नसेल, प्रवास फार असेल, गुडघे दुखत असतील, त्यानं ही हौस करू नये. मातीत एक कुंडी लावावी.

लहान मुलं असलेल्या घरांसाठी आणखी एक. मनीप्लँट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, पीस लिली यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळवानं घसा खाजतो तो त्यांच्यामुळेच, म्हणून तर आपण अळू चिंच घालून नीट शिजवतो. पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. रांगणाऱ्या बाळाच्या हाताला ही झाडं लागू देऊ नयेत. मांजरांच्याही.

त्या रविवारी एकतिसांतल्या बावीस बाटल्या गेल्या. काही झाडं सोसायटीच्या बागेत मातीत लावली, काही भावजयीला दिली, काही कचऱ्यात टाकली. टाकताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. उरल्या नऊ: तीन मनीप्लँट, दोन अ‍ॅग्लोनेमा, एक सिंगोनियम, छत्रीगवताचा वाडगा, अळवाचा वाडगा आणि एक रताळं, जे आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. नऊंचं पाणी बदलायला मला पाऊण तास लागतो. एकतिसांना किती लागला असता ते मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. सुनेला सगळं दाखवलं. तिनं जाळ्या पाहिल्या, वाळू बोटानं उकरून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना दोन लांब दांड्याचे ब्रश घेऊन आली. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

शिपाईमामांच्या फाट्याची बाटली खिडकीत मधोमध आहे. रमची ती चपटी बाटली केव्हाच फुटली, आता औषधाची तपकिरी आहे.

नात आता तिसरीत आहे. तिच्या बाबांनी तिला एक छोटी बॅटरी आणून दिली आहे. रविवारी सकाळी, मी पाणी बदलायच्या आधी, ती खुर्चीवर चढते आणि एकेका बाटलीवर झोत टाकून काचेवर टिचकी मारते. नाकाचा शेंडा काचेला लागेपर्यंत वाकून बघते. मी पाटावर बादली घेऊन वाट बघत बसलेली असते.

‘ह्यात काही नाही, आजी. पुढची.’